बी विंग, दुपारी २.१७: एका सोसायटीच्या प्रवेश-कार्डाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलुंड पूर्वेला चार विंगची एक सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे. ११२ फ्लॅट, मागे छोटं मैदान, गेटजवळ गणपतीचा मंडप पडतो ती जागा. सोसायटी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि माणसांना नावं दिलेली नाहीत. दारं, कार्डं आणि नोंदी यांच्याबद्दल जे लिहिलंय ते मात्र घडलं तसंच.

२०१८च्या दिवाळीनंतर कमिटीने चारही विंगच्या लॉबीला काचेचे दरवाजे बसवले. दाराच्या वर चुंबकी कुलूप, बाहेर कार्डाचा रीडर. कारण नेहमीचंच होतं. दुपारी वॉचमनचा डोळा लागतो, कुरिअरवाला थेट सहाव्या मजल्यावर जातो, वॉटर प्युरिफायर विकणारे दर रविवारी बेल वाजवतात. सर्वसाधारण सभेत तीन कोटेशनं आली आणि सगळ्यांत स्वस्त होतं ते मंजूर झालं. त्या सभेच्या इतिवृत्तात दरवाजाच्या काचेची जाडी लिहिली आहे. कार्ड कोणत्या प्रकारचं, याबद्दल एक ओळ नाही.

एका फ्लॅटला चार कार्डं फुकट. पाचव्यापासून पुढे प्रत्येकी २५० रुपये, अर्ज आणि त्यावर सेक्रेटरींची सही. सभासदांच्या कार्डाला निळी दोरी. घरकामाच्या मावशी, स्वयंपाकाच्या बायका आणि ड्रायव्हर यांना पिवळी. रंगांचा हा भेद कुणाला खटकला नाही. मला तो नंतर खटकला.

अजून एक गोष्ट. आत यायला कार्ड लागायचं, बाहेर पडायला लागत नव्हतं. आतल्या भिंतीवर हिरवं बटन होतं, ते दाबलं की दार उघडायचं. म्हणजे कोण आलं याची नोंद व्हायची, कोण गेलं याची व्हायची नाही.

मी याच धंद्यातला आहे. मुंबई-ठाण्यातल्या इमारतींना दारं, रीडर, बूम बॅरिअर बसवून देतो. या सोसायटीचं काम माझं नव्हतं, पण त्याच जातीची कार्डं मीही कैक इमारतींना लावली आहेत, तेव्हा हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहिलेलं नाही.

काय घडलं

जुलै २०२४. पाऊस धो धो. बी विंगच्या चौथ्या मजल्यावर आजी दुपारच्या झोपेत, सून ऑफिसला, दाराची कडी लावायची राहिलेली. संध्याकाळी कपाटातल्या स्टीलच्या डब्यातली सोन्याची चेन आणि दोन पाटल्या दिसेनात.

सेक्रेटरींनी लगेच सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर उघडला आणि त्या दुपारी १ ते ४ मधल्या बी विंगच्या नोंदी काढल्या. २३ नोंदी निघाल्या. २२ निळ्या दोरीच्या, एक पिवळ्या: २.१७. नंबर त्याच घरी सकाळी नऊला केर-भांडी करणाऱ्या मावशींचा. दुपारी सव्वादोनला त्यांचं बी विंगमध्ये काहीच काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना गेटवरच थांबवलं. त्या म्हणाल्या, "दुपारी मी समोरच्या बिल्डिंगमध्ये भांडी घासत होते हो. तिकडं विचारा की." विचारायला कोणी गेलं नाही. खजिनदार एवढंच म्हणाले, "मशीन कशाला खोटं बोलेल?" मावशींचं कार्ड बंद झालं. या सोसायटीत त्यांची सात घरं होती. सातही एका सकाळीत सुटली.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरींनी, सर्वांना कळावं या चांगल्या हेतूने, नोंदींची पीडीएफ सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्यांना तीन तासांच्या नोंदी पाठवायच्या होत्या. सॉफ्टवेअरने आपल्या सवयीने अख्खा महिना दिला: चारही विंग, फ्लॅट नंबर, कार्डधारकाचं नाव, तारीख, वेळ. ६१ पानं.

चोरीची चर्चा रात्रभर चालली, आणि मध्यरात्रीनंतर तिची दिशा बदलली. सी विंगमधली एक मुलगी आठवड्यातून तीनदा रात्री दीडनंतर येते, हे कुणीतरी पिवळ्या रंगाने खूण करून दाखवलं. ती हॉस्पिटलात दुपारपाळीला असते, हे तिच्या आईला ग्रुपवर लिहावं लागलं. एका फ्लॅटची अकरा दिवस एकही नोंद नव्हती. कुटुंब गावी गेलेलं, आणि घर रिकामं असल्याचं आता सव्वाशे फोनवर लिहिलेलं. एका गृहस्थांनी ऑफिसची वेळ म्हणून घरी जी सांगितली होती ती आणि दाराची वेळ जुळत नव्हती. त्या घरात पुढे काय झालं ते इथे लिहिण्याची गरज नाही.

मला फोन आला तो सी विंगमधल्या एका निवृत्त एमटीएनएल इंजिनिअर काकांचा. त्यांनी ती ६१ पानं अख्खी वाचली होती, पण गॉसिपसाठी नाही. म्हणाले, "अहो, एक गंमत बघा. हा मावशींचा नंबर तीन तारखेला ए विंगला लागलाय, आणि अठरा सेकंदांनी डी विंगला. मधे अख्खं मैदान आहे. या वयात एवढं पळतात होय त्या?"

कार्डाच्या आत काय असतं

या कार्डात बॅटरी नसते. आत बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि मोहरीएवढी चिप. रीडर १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडत असतो. कार्ड जवळ आलं की वेटोळ्यात वीज निर्माण होते, चिप जागी होते आणि आपला नंबर बडबडू लागते. कोण विचारतंय हे ती बघत नाही. जो वीज देईल त्याला सांगते. एकूण ६४ बिट, त्यातले ४० खऱ्या आकड्याचे, बाकी सुरुवातीची खूण आणि चूक पकडण्यासाठीचे. गुपित म्हणावं असा त्यात एकही बिट नाही. धंद्यात आम्ही याला 'ईएम कार्ड' म्हणतो.

नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेलाही असतो, दोन तऱ्हांनी. समजा एकीकडे ०००४५२१८६० आणि शेजारी ०६८,६५४१२. आकडा एकच आहे: ६८ला ६५,५३६ने गुणायचं आणि ६५,४१२ मिळवायचे. रीडरकडून आतल्या कंट्रोलरकडे, म्हणजे कुलूप उघडणाऱ्या पेटीकडे, जी वायर जाते तिच्यावरून हाच स्वल्पविरामवाला आकडा धावतो, तोही उघडा. त्यामुळे दोरीला लटकणाऱ्या कार्डाचा मोबाइलने फोटो काढला तरी या दारापुरतं काम भागतं. आणि सोसायटीचा दंडक होता की मावशींनी कार्ड गळ्यात दिसेल असं घालावं.

कमिटीच्या बैठकीत मी हे तोंडाने सांगितलं तेव्हा कोणाला पटलं नाही. म्हणून खजिनदारांच्या परवानगीने त्यांचंच कार्ड घेतलं. पिस्तुलासारखं दिसणारं निळं यंत्र असतं, मूठ धरायची आणि वर दोन बटनं. एक दाबलं, बीप. कार्ड बाजूला काढलं, कोरी टिकली, म्हणजे कार्डाचंच काम करणारा छोटा बिल्ला, धरली, दुसरं दाबलं, बीप. खजिनदार "पण आमच्या व्हेंडरने तर लिहून दिलंय..." असं म्हणेपर्यंत मी टिकली घेऊन ए विंगचं दार उघडून परत आलो होतो. कॉम्प्युटरवर नाव आलं खजिनदारांचं. ते स्वतः तेव्हा खुर्चीत, समोर चहाचा कप.

त्यांचा चेहरा उतरला याचं मला वाईट वाटलं. पण मावशींच्या बाबतीत तरफदारी करायला याहून छोटा रस्ता नव्हता.

मुलुंडच काय, कुठल्याही स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याकडे ही सोय असते. पाटीवर कुलपं, गाडीची चिप चावी, रिमोट आणि खाली 'सोसायटी कार्ड'. दोन मिनिटं, दीडशे रुपये. सोसायटी घेते २५०, वर अर्ज आणि सही. माणूस कुठे जाईल?

पहिला निर्णय: २.१७ला कोण आलं हे कसं ठरवायचं

काकांचं निरीक्षण जोरदार होतं, तरी त्यावर लगेच उडी मारायची नाही असं आम्ही ठरवलं. आधी घड्याळ तपासलं. कंट्रोलरचं घड्याळ ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून वेळ घेत होतं आणि तो कॉम्प्युटर ११ मिनिटं मागे होता. म्हणजे नोंदीतले २.१७ म्हणजे खरे २.२८. सहा वर्षांत हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. (चोरी, अपघात, भांडण, काहीही असो, दाराची नोंद पुरावा म्हणून हातात घेण्याआधी मोबाइलशी वेळ ताडून पाहावी. फुकटचं काम आहे.) चारही दारं त्याच कॉम्प्युटरची वेळ घेत असल्याने अठरा सेकंदांचा फरक मात्र खराच राहत होता.

मग काका आणि मी समोरच्या इमारतीत गेलो. तिथे कार्ड नाही, रीडर नाही. गेटवर लाल बाइंडिंगची वही आणि दोरीने बांधलेलं पेन. त्या दिवशीच्या पानावर मावशींचं नाव, आत १.३५, बाहेर ३.२०, दोन्हीकडे त्यांची वाकडीतिकडी सही. घड्याळ अकरा मिनिटं इकडे धरा की तिकडे, त्या वेळी मावशी समोरच्याच इमारतीत होत्या.

ही वही पाहायला आम्हाला चौथा दिवस उजाडला. पहिल्या सकाळी मावशींनी स्वतः सांगितलं होतं.

मग तो नंबर कुणाच्या हातात होता? बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आपणहून येऊन सांगितलं. मावशी त्यांच्याकडेही यायच्या. मे महिन्यात त्यांनी दुपारच्या स्वयंपाकाला नवीन बाई ठेवली. नव्या कार्डासाठी अर्ज, पोलीस पडताळणीचा फॉर्म, सही. सेक्रेटरी त्यात गावी गेलेले. म्हणून एका सकाळी मावशी भांडी घासत असताना त्यांचं कार्ड 'दहा मिनिटं' मागून घेतलं आणि मुलाला स्टेशनवर पिटाळलं. नवी बाई रोज सव्वादोन-अडीचच्या सुमारास त्याच टिकलीवर आत येत होती. तिनेच पुढे डी विंगमध्ये एक घर धरलं होतं, म्हणून ते अठरा सेकंद. मावशींना यातलं काहीही माहीत नव्हतं.

इथे कमिटी दुसरी चूक करायच्या बेतात होती. "म्हणजे ती नवी बाई!" असा सूर लागला. काकांनी आवाज चढवला. त्या दुपारच्या २२ निळ्या नोंदींमधल्या किती नोंदी खऱ्या माणसांच्या, हे कोणाला ठाऊक आहे? दोन वाजता गॅस सिलिंडर आले तेव्हा वॉचमनने दाराला वीट लावून ठेवली होती, त्या वेळात नोंदच नाही. लॉबीतला कॅमेरा रंगकामात काढला तो परत लावलाच नव्हता. शेवटी पोलीस ठाण्यात जो अर्ज गेला त्यात कमिटीने लेखी दिलं की कार्डाच्या नोंदीवरून व्यक्तीची ओळख पटत नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत शहाणपणाचा कागद तोच.

दागिने आजतागायत सापडलेले नाहीत. कोणावरही काही सिद्ध झालेलं नाही.

दुसरा निर्णय: फुटलेल्या नोंदींचं काय

पीडीएफ ग्रुपवरून 'सर्वांसाठी डिलीट' करेपर्यंत एकवीस तास उलटले होते. सेक्रेटरींचं म्हणणं, कॉम्प्युटर सोसायटीचा, दार सोसायटीचं, नोंदी सोसायटीच्या, आणि सभासदांना कागदपत्रं पाहण्याचा हक्क आहे. यातला शेवटचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. हिशेब, इतिवृत्त मागायचा हक्क सभासदाला असतोच. पण शेजारी किती वाजता घरी आला हा सोसायटीचा हिशेब नव्हे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झालेला होता. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची आणि काम संपलं की पुसायची, हा त्याचा गाभा. व्हेंडरचा माणूस म्हणाला, नियम अजून आलेले नाहीत, तेव्हा निवांत राहा. कायद्याच्या तारखेपुरतं तो बरोबर होता. दुपारपाळीच्या मुलीला लिफ्टमध्ये भेटणाऱ्या नजरांचं काय, ते त्याच्या कोटेशनमध्ये बसत नव्हतं.

दोन पर्याय पुढे आले. एक, नोंदी ठेवायच्याच नाहीत. दार उघडावं, विसरून जावं. दोन, ३० दिवस ठेवायच्या, मग आपोआप पुसल्या जाव्यात. उघडायला सेक्रेटरी आणि कमिटीबाहेरचा एक सभासद, दोघांचे पासवर्ड लागावेत. आणि बाहेर द्यायच्या तर पोलिसांच्या लेखी मागणीवरच. मी पहिल्याच्या बाजूचा होतो. २३ नोंदींनी चोर सापडला नव्हता आणि एका बाईची सात घरं गेली होती, तर त्या ठेवून मिळवलं काय? सभेला ते झेपलं नाही. दुसरा पर्याय मंजूर झाला.

तिसरा निर्णय: पुढे कोणतं कार्ड

ऑगस्टमध्ये विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. मंडपाचा हॉल भरला होता. पहिला अर्धा तास भलत्याच भीतीत गेला: लोकलच्या गर्दीत कोणी मशीन खिशाला लावून बँकेच्या कार्डातून पैसे काढतं म्हणे, सिग्नलवरची मुलं काच पुसताना घड्याळ दाखवून फास्टॅग रिकामा करतात म्हणे. तो घड्याळाचा व्हिडिओ २०२२चा आणि खोटा होता, सरकारी खुलासाही तेव्हाच आला होता. फास्टॅगचे पैसे नोंदणी झालेल्या टोलनाक्यासारख्या व्यापाऱ्यालाच जातात. बँकेच्या कार्डाचं टॅप करून होणारं पेमेंट तुम्ही बंद ठेवू शकता आणि पिनशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच चालतं, हा रिझर्व्ह बँकेचा १ जानेवारी २०२१पासूनचा आकडा, आधी २,००० होता. मुख्य म्हणजे ते कार्ड दर व्यवहाराला नवं, एकदाच चालणारं उत्तर तयार करतं. आजचं उत्तर चोरून उद्या उपयोग नाही. ज्या कार्डाची लोकांना धास्ती होती ते शहाणं होतं, आणि गळ्यात निर्धास्त लटकत होतं ते बावळट.

मग पर्याय.

बोटाचा ठसा. वरकरणी उत्तम, पण मावशींना विचारा. रोज पाच-सहा घरची भांडी, साबण, राख. बोटांच्या रेषा झिजलेल्या. रीडर चार-चार वेळा नाही म्हणतो आणि मागे रांग लागते. शिवाय कार्ड हरवलं तर बदलता येतं, अंगठा बदलता येत नाही, आणि ते ठसे ठेवणार त्याच कॉम्प्युटरवर ज्याचं घड्याळ अकरा मिनिटं मागे. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचंही तेच, वर त्याची माहिती व्हेंडरच्या सर्व्हरवर जाणार. दोन्ही पर्याय सभेने लवकर सोडले, हे बरं झालं.

मोबाइलवरचं ब्लूटूथ. तरुण सभासदांना हेच हवं होतं: फोन खिशात, दार आपोआप. यात दोन गोच्या आहेत. फोन जवळ आहे की नाही हे सिग्नलवरून ठरतं, आणि दोन माणसं मधे दोन यंत्रं धरून लांबचा सिग्नल जवळ आणून देऊ शकतात. २०२२ साली संशोधकांनी टेस्लाची गाडी अशीच उघडून दाखवली होती. सोसायटीच्या दारासाठी एवढा खटाटोप कोणी करेल असं मला वाटत नाही, पण आपोआप उघडण्याऐवजी फोनवर बटन दाबायला लावलं की हा धोका बराच आटोक्यात येतो. दुसरी गोची जास्त खरी: त्या ॲपने माझ्या फोनवर लोकेशनची आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागितली. दार उघडायला माझी फोनबुक कशाला हवी, याचं उत्तर विक्रेत्याकडे नव्हतं. आणि आजींकडे, मावशींकडे साधा फोन.

जुनंच कार्ड, वर चार आकडी पिन. स्वस्त. पण एका विंगला एकच पिन ठेवला तर महिन्याभरात दूधवाल्याला पाठ होतो.

उरलं १३.५६ मेगाहर्ट्झचं 'स्मार्ट कार्ड'. इथे सोसायटी थोडक्यात वाचली. जुन्या व्हेंडरने ७०,००० रुपयांचं कोटेशन दिलं, त्यात 'एन्क्रिप्टेड कार्ड' असं ठळक लिहिलेलं. निघालं मायफेअर क्लासिक. हे कार्ड १९९४ सालचं, त्याचं ४८ बिटांचं 'क्रिप्टो-१' कुलूप २००७च्या डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत उघडं पडलं. पुढच्या वर्षी नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी ते पुरतं मोडून दाखवलं. बनवणारी एनएक्सपी कंपनी त्यांचा शोधनिबंध थांबवायला कोर्टात गेली आणि हरली. सोळा वर्षांनी तेच कार्ड मुलुंडमध्ये 'लेटेस्ट' म्हणून येत होतं. त्याहून कहर म्हणजे रीडर ते कुलूपसुद्धा वापरणार नव्हता, फक्त चिपचा अनुक्रमांक वाचणार होता. म्हणजे नवा पैसा, जुनंच दार.

व्हेंडरला विचारायला मी कमिटीला दोनच प्रश्न दिले होते: रीडर कार्डाचा नुसता नंबर वाचतो की कार्डाकडून किल्लीची खातरजमा करून घेतो? आणि ती किल्ली कोणाकडे राहणार? पहिल्यावर त्याने विषय बदलला. दुसऱ्यावर म्हणाला, "आमच्याकडे. सगळ्या सोसायट्यांना एकच असते, तुम्हाला त्रास नको." सभागृहात हशा पिकला, आणि कोटेशन तिथेच बाद झालं.

काय केलं

डेसफायर जातीचं कार्ड घेतलं, एईएस या कूटपद्धतीच्या १२८ बिटांच्या किल्लीचं. यात रीडर दर वेळी नवा प्रश्न टाकतो आणि कार्ड आतल्या गुप्त किल्लीने उत्तर देतं. किल्ली स्वतः हवेतून कधीच जात नाही. चावीवाल्याच्या निळ्या पिस्तुलाला यातलं काही साधत नाही. कार्डाची किंमत २२ रुपयांवरून १८० झाली, एकूण खर्च दीड लाखाच्या वर गेला. दोन सभासदांनी विरोध नोंदवला, तो इतिवृत्तात आहे.

कारखान्यातून ही कार्डं सगळी शून्यं असलेल्या किल्लीने येतात. बदलली नाही तर सगळा खर्च पाण्यात. नवी किल्ली सोसायटीच्या ऑफिसातच तयार केली, दोन भागांत, दोन लिफाफ्यांत. एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक अध्यक्षांकडे. माझ्याकडे प्रत नाही. हे मी मुद्दाम लिहून घेतलं, त्यांच्यापेक्षा माझ्या सोयीसाठी.

दोरीचा रंग सगळ्यांना एकच ठेवला. कार्डावर नंबर छापला नाही. जादा कार्डाची २५० रुपयांची फी रद्द केली आणि अर्ज वॉचमनच्या टेबलावरच ठेवला, सही कमिटीतल्या कोणाचीही चालेल असं केलं. बाहेर पडायचं हिरवं बटन तसंच राहिलं. आग लागली तर कार्ड शोधत बसायची वेळ कोणावर येऊ नये.

जुनी कार्डं गोळा करताना जाहीर केलं की कोणाला काही विचारणार नाही, जे असेल ते आणा आणि नवं घ्या. सोसायटीने सहा वर्षांत ४३१ कार्डं दिली होती. ऑफिसातल्या बादलीत ५०३ पडली. त्यात ९६ निळ्या टिकल्या, नंबर न छापलेल्या, स्टेशनवरच्या.

निष्पत्ती

मावशींना नऊ दिवसांची सातही घरांची मजुरी द्यायची की नाही, यावर कमिटीत दोन बैठका झाल्या. सोसायटीच्या निधीतून असा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हा अडथळा. शेवटी कमिटीच्या सात जणांनी खिशातून काढले. खजिनदार स्वतः त्यांच्या घरी देऊन आले, भांडुपला. मावशींनी पैसे मोजून घेतले. पाच घरं पुन्हा धरली. चौथ्या मजल्यावरचं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं घर धरलं नाही.

जुनी कार्डं बंद करायची तारीख गणपतीची ठरली होती, झाली डिसेंबर अखेरीस. कोणाचा मुलगा अमेरिकेत, कोणाचं कार्ड गावच्या घरी. या चार महिन्यांत रीडर दोन्ही जातींची कार्डं घेत होता, म्हणजे दार जुन्या कार्डाइतकंच कच्चं. नवं कार्ड हातात आल्यावर लोकांना वाटलं काम झालं, आणि तसं नाही हे मलाही वेळीच ठासून सांगता आलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

रीडरपासून कंट्रोलरपर्यंतची वायर आम्ही बदलली नाही. कार्ड आणि रीडर यांच्यातलं बोलणं आता कुलूपबंद, पण रीडरच्या पाठीमागून तोच उघडा आकडा जुन्या पद्धतीने जातो. रीडर उचकटून वायरीला हात घालणारा माणूस तो ऐकू शकतो. कूटबद्ध वायरिंगचा खर्च सभेने नाकारला. मी रीडर उचकटला की वाजणारा भोंगा लावून दिला. यापेक्षा जास्त भांडायला हवं होतं.

फाइल पाठवण्याआधी सेक्रेटरींनी ती एकदा शेवटच्या पानापर्यंत सरकवून बघितली असती तर ६१ पानं त्यांना दिसली असती. सॉफ्टवेअरवाल्याला आम्ही नंतर पत्र लिहिलं की तारीख न निवडता नोंदी काढताच येऊ नयेत. उत्तर नाही.

आणि समोरच्या इमारतीत जाऊन वही बघायला रस्ता ओलांडण्याएवढंच काम होतं. चौथ्या दिवशी मी आणि काका गेलो तेव्हा तिथल्या वॉचमनने विचारलं होतं, "एवढे दिवस कुणी आलं कसं नाही? त्या बाईने सांगितलं होतं, तुमच्याकडचे लोक येतील म्हणून. मी पान दुमडून ठेवलंय."

सोसायटीच्या कॉम्प्युटरवर आता ३० दिवसांपलीकडचं काही सापडत नाही. पण ग्रुपवरची ती फाइल एकवीस तासांत किती फोनवर उतरली ते कोणी मोजलेलं नाही. गेल्या महिन्यात डी विंगच्या पार्किंगवरून दोन कुटुंबांत जुंपली, तेव्हा त्यातल्या एकाने पान ३७ चा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला: समोरच्याची बायको जुलै २०२४ मध्ये किती वाजता घरी आली होती.